आतून वाटलेले विद्यार्थी: एकूण एकतीस

माझ्या वर्गात शिस्त होती, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणाचाही गैरसमज व्हायचा. एकवीस वर्षं मी सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतोय. या एकवीस वर्षांत माझ्या परवानगीशिवाय एकाही पोराने वहीचं पान उलटलेलं नाही. "सर, पान संपलं, पुढच्या पानावर लिहू का?" हा प्रश्न मला रोज दहा-बारा वेळा यायचा आणि मी दर वेळी क्षणभर विचार केल्यासारखं करून "लिही" म्हणायचो. बरं वाटायचं. घरी माझ्या परवानगीने फार तर गॅलरीतला दिवा लागतो, तोही मीच लावला तर.

सगळं सुरू झालं ते पाण्यापासून. त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तासाच्या मध्येच बोलावणं पाठवलं. मी फळ्यावर सहा गणितं लिहिली, वर्गाकडे वळून म्हणालो, "मी येईपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही," आणि गेलो. काम पाच मिनिटांचं होतं, पण पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत संपवणं बाईंच्या पदाला शोभत नाही. अर्ध्या तासाने परत आलो तर वर्ग चिडीचूप. टाचणी पडली तरी ऐकू यावी. मला अगदी भरून आलं. अभिमानाने बाकांमधून चालत निघालो आणि तिसऱ्या बाकापाशी चप्पल ओली झाली.

बाकावर पाण्याची बाटली आडवी पडली होती. पाणी वहीवरून खाली, खालून दोन दप्तरांत आणि तिथून पुढे खिडकीच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. बेचाळीस पोरं हाताची घडी घालून ते पाणी बघत बसली होती. जिची वही होती ती मुलगी वहीकडे बघत होती. सहाही गणितं पाण्यात विरघळून गेली होती. बाटलीतून अजून थेंब थेंब गळत होतं. मला पाहून तिने हात वर केला.

"सर, बाटली उभी करू का?"

मला रागवायचं होतं, पण कुणावर ते कळेना. सांगितलं होतं ते त्यांनी तंतोतंत केलं होतं. मी "कर" म्हणालो आणि खुर्चीत जाऊन बसलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या वर्गाची भीती वाटली. उद्या वर्गाला आग लागली तर ही पोरं हात वर करून बसतील आणि मी नेमका मोठ्या बाईंसमोर असेन, असं काहीबाही मनात येत राहिलं. त्या मुलीला मात्र त्या दिवसापासून वर्गात 'ओलीवही' हे नाव पडलं ते पडलंच.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे दुसऱ्याचं दुखणं शांतपणे ऐकायची तिला सवय आहे.

"मग चूक कुणाची?" ती म्हणाली.

"तेच तर कळत नाहीये."

"तुम्हाला कळतंय. फक्त गिळवत नाहीये."

रात्रभर विचार केला, असं लिहायची पद्धत आहे. मी मात्र छान झोपलो आणि सकाळी दात घासताना निर्णय घेतला. शुक्रवारचा शेवटचा तास वर्गाला देऊन टाकायचा. मार्क नाहीत, तपासणी नाही. ज्याला जे जाणून घ्यावंसं वाटेल ते त्याने करावं, मी खुर्चीत बसून राहीन. भिंतीवर माझा ताऱ्यांचा तक्ता होता. चांगल्या उत्तराला एक तारा, असा माझा एकवीस वर्षांचा कारभार. तोही उतरवायचा ठरवला. उगाच अर्धवट कशाला?

शुक्रवारी मी हे जाहीर केलं. वर्गात अशी शांतता पसरली की मला वाटलं, पोरांना गहिवरून आलंय. मग एक हात वर झाला.

"सर, किती मार्कांना आहे?"

"मार्क नाहीत."

"मग तारे?"

"तारेही नाहीत. ज्याला मनापासून वाटेल त्याने करायचं."

सगळ्यांनी वह्या उघडल्या. आणखी एक हात वर झाला, हा दुसऱ्या रांगेतला. "सर, मनापासून म्हणजे साधारण किती ओळी?"

दुसऱ्या दिवशी एक आई शाळेत आल्या. करसल्लागार आहेत. त्यांच्या चिरंजीवांचे तक्त्यावर एकसष्ट तारे होते, वर्गात सर्वांत जास्त. त्यावरून त्याला सगळे 'एकसष्ट' म्हणायचे. मुलगा जेवत नव्हता. आईंचं म्हणणं एवढंच होतं की पूर्वसूचनेशिवाय तारे रद्द करता येत नाहीत, आणि केलेच तर आधी जमा झालेल्यांचं काय, याचा मी लेखी खुलासा करावा. "त्याने सहा महिने घालवलेत यात," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या खरंच बोलत होत्या. त्या पोराने सहा महिने माझ्यासाठी घालवले होते. मी तक्ता गुंडाळून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोजून घेतला.

आता आमच्या शेजाऱ्यांविषयी. आमच्या समोरच्या घरात क्लासवाले राहतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत तीन वेळा क्लास भरतो आणि माझी निम्मी सातवी तिथे जाते. माणूस अतिशय परोपकारी. तुम्ही नको म्हणायच्या आत सल्ला देऊन झालेला असतो. जिन्यात गाठून म्हणाले, "सर, उपक्रम छान आहे, पण पोरं गोंधळलीत हो. स्वावलंबन हा विषय तुम्ही काढलात, मग त्याच्या नोट्स नकोत?"

"त्याच्या नोट्स कशा असतील?"

"का नसतील? तुम्ही निर्धास्त राहा. मी बघतो."

पुढच्या शुक्रवारी वर्गात पाऊल टाकलं तर बेचाळीस पोरांच्या बाकांवर बेचाळीस नव्या वह्या. तपकिरी कव्हर, लाल समास, वर ठळक अक्षरांत 'स्वावलंबन'. आत सुबक मुद्दे. एक, स्वतःहून प्रश्न विचारावा. दोन, प्रश्न विचारताना आनंदी दिसावे. तीन, उत्तर पाठ करू नये. आणि हे तिन्ही मुद्दे पोरांना धडाधड पाठ होते. 'उत्तर पाठ करू नये' हे वाक्य सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, तेव्हा मधल्या रांगेतली पोरं मान सुद्धा एकाच वेळी हलवायची.

मी खचलो. पण माझ्या खचण्याला कुणी विचारायच्या आत मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते सामूहिक पठण ऐकलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की मला घाम फुटला.

"सर, ही तर अंतःप्रेरणा!" बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलला नाहीत कधी!"

"बाई, हे अजून काही..."

"नाही, नम्रपणा पुरे. हे वर कळवायला हवं."

वर कळवलं गेलं. वर म्हणजे नेमकं कुठे हे मला एकवीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही, पण तिथून सगळं काही चौपट होऊन खाली येतं एवढं ठाऊक आहे. तीन आठवड्यांनी एक तक्ता आला. शीर्षक, 'अंतःप्रेरणा साप्ताहिक अहवाल'. चार प्रतींत, शुक्रवारीच भरून शुक्रवारीच पाठवायचा. पहिल्या रकान्यात पट, दुसऱ्यात हजर, आणि तिसऱ्यात, 'आतून वाटलेले विद्यार्थी', त्याखाली मुलगे, मुली, एकूण.

मी तो घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. हेडक्लार्क म्हणजे आमच्या शाळेतली एकमेव व्यक्ती जिला कसलंच आश्चर्य वाटत नाही.

"हे मी मोजायचं कसं?" मी विचारलं.

"मोजता कशाला? भरा."

"पण आकडा काय टाकू?"

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "शून्य टाकू नका, वरून विचारणा होते. बेचाळीस टाकू नका, पथक येतं बघायला. एकतीस टाका. एकतीसला कुणी काही म्हणत नाही."

तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्या वर्गात एकतीस जणांना आतून वाटू लागलं. मुलगे सोळा, मुली पंधरा. माझ्यातला गणिताचा मास्तर अगदीच मेला नव्हता, म्हणून मी निदान हजेरीपटावर एकतीस नावांपुढे बारीक खुणा करायचो. शांत बसणारे, वही नीटनेटकी असणारे, आनंदी दिसणारे. उरले अकरा. त्या अकरांत ओलीवही होती. ती कधी आनंदी दिसायची नाही. सारखी जमिनीकडे बघत असायची.

आता हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी या अहवालात आणि त्याच्या गडबडीत असताना तिने मला तीन वेळा गाठलं होतं.

पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "सर, त्या दिवशी पाणी खिडकीकडे का गेलं?"

"पाणी उताराकडे जातं." मी वर न बघता म्हणालो.

"पण उतार दिसत नाही ना सर. मी पेन ठेवून बघितलं, ते दोन्हीकडे जातं. गोल नाहीये ते नीट."

"नंतर सांगतो हं."

दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्यावर प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीचं भलंमोठं वेटोळं होतं. तिचे वडील गवंडी. "बाबा म्हणाले, नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एका उंचीवर उभं राहतं. जमीन कितीही वाकडी असली तरी. मग भिंतीवर खूण करायची आणि खाली मोजायचं. सर, मोजू का?"

"इथे? पाणी सांडेल. आत्ता नको." चौथ्या प्रतीखाली कार्बन उलटा लागला होता, माझा जीव त्यात अडकला होता.

तिसरी वेळ सांगण्याआधी तपासणीचं सांगितलं पाहिजे. एकतीसला कुणी काही म्हणत नाही, हा हेडक्लार्कांचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा चुकला. इतर शाळांनी सगळ्यांनीच पूर्ण पट टाकला होता किंवा शून्य. आमचा एकतीस तेवढा खरा वाटला. तपासणी अधिकारी स्वतः येऊन बघणार असं पत्र आलं. शुक्रवारी, शेवटच्या तासाला. तास आवडला तर पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांना लागू, नाही आवडला तर बंद.

मोठ्या बाईंनी उत्स्फूर्तपणाच्या रंगीत तालमी सुरू केल्या. आमच्या वर्गाचा रंग उडालाय म्हणून कार्यक्रम सभागृहात हलवला. बाक नेताना हेडक्लार्कांनी अडवलं, कारण बाकांची नोंद खोलीच्या नावावर आहे, आणि खोली सोडून बाक गेले तर ते कागदोपत्री हरवतात. शेवटी पोरांनी जमिनीवर बसायचं ठरलं. नऊ उत्स्फूर्त प्रश्न निवडले, नऊ जणांना वाटले. क्रमांक तीन एकसष्टला, कारण त्याचा आवाज खणखणीत. क्रमांक सहा ओलीवहीला.

"तुझा प्रश्न, आपण झाडे का लावावीत," मी सांगितलं.

"सर, मला हा प्रश्न पडलेला नाही."

"पडलाय असं म्हण."

ती म्हणाली, "मग आपल्या वर्गातलं कधी मोजू?"

"अगं, अधिकारी जाऊ देत ना! काय लावलंयस सारखं मोजू का, मोजू का!"

मी ओरडलो नव्हतो, असं मी बायकोला सांगितलं. "पण तुमचा आवाज तेवढाच आहे," ती म्हणाली. एवढं खरं की त्यानंतर ओलीवहीने मला काही विचारलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो. तिचा सहावा प्रश्न मी दुसऱ्या मुलीला दिला.

शुक्रवार उजाडला. अधिकारी आले. सडपातळ, कमी बोलणारे, हातात छोटी वही. मोठ्या बाई त्यांना सभागृहाकडे घेऊन निघाल्या, मागे मी. वाटेत आमचा वर्ग लागतो. वर्ग रिकामा असायला हवा होता. आतून आवाज आला.

"वर घे. अजून वर. थांब! हलू नकोस."

अधिकारी थांबले, म्हणून आम्हीही थांबलो. आत खिडकीच्या भिंतीशी ओलीवही नळीचं एक टोक धरून उभी होती. दाराच्या भिंतीशी दुसरं टोक धरून उभा होता एकसष्ट. त्याच्या नव्या शर्टावर पाण्याचा ओघळ आला होता आणि तो भिंतीवर खडूने खूण करत होता. एकसष्ट ताऱ्यांच्या काळात मी त्या पोराच्या चेहऱ्यावर असलं काही बघितलं नव्हतं. मी मागे होतो, तरी दिसलं मला.

"काय चाललंय हे?" मोठ्या बाई म्हणाल्या. अधिकारी एक पाऊल आत गेले.

"सर, बाजूला व्हा ना," ओलीवही म्हणाली, अगदी सहज. "नळीवर पाय आहे तुमचा."

अधिकारी बाजूला झाले. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि आम्ही सभागृहाकडे निघालो. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सभागृहात चाळीस पोरं रांगेत बसली होती. पहिला उत्स्फूर्त प्रश्न झाला. दुसरा झाला. तिसरा झाला नाही, कारण तिसरा खाली वर्गात नळी धरून उभा होता. चौथ्याचं पाठांतर चोख होतं, पण तिसरा झाल्याशिवाय चौथ्याने विचारायचं कसं? तो माझ्याकडे बघू लागला. मी डोळ्यांनी खुणा केल्या. त्याने मान हलवली आणि हाताची घडी घातली. त्याचं बघून सगळ्यांनी घातली. चाळीस पोरं घडी घालून बसली आणि सभागृहात पंख्याचा आवाज येऊ लागला. ती शांतता मला फार चांगली ओळखीची होती. शेवटी मोठ्या बाईंनीच खाकरून विचारलं, "पक्ष्यांना हवेत रस्ता कसा सापडतो बरं?" आणि गाडी पुढे सरकली. बाई फार आनंदी दिसत होत्या, हे मला मान्य करावं लागेल.

चार दिवसांनी शेरा आला. 'उपक्रम स्तुत्य. मुख्याध्यापिकांचा सहभाग विशेष उल्लेखनीय. तथापि दोन विद्यार्थी विनापरवानगी कार्यक्रमास अनुपस्थित राहून वर्गखोलीत आढळले. वर्गशिक्षकांचा खुलासा घ्यावा. समाधानकारक नसल्यास विद्यार्थ्यांच्या प्रगतिपुस्तकात नोंद करावी.'

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे पोरं जातात मोठ्या शाळेत, जिथे खरीखुरी प्रयोगशाळा आहे, आणि तिथल्या अर्जात एक चौकोन असतो: वर्तन. 'चांगले' असेल तर अर्ज पुढे सरकतो. एकसष्टचं काही अडणार नव्हतं, त्याच्या आईंनी मोठ्या शाळेलाच खुलासा मागितला असता. पण ओलीवहीच्या घरून कोण येणार होतं? तिचे वडील दिवस बुडेपर्यंत कुठल्या ना कुठल्या बांधकामाच्या परांचीवर उभे असतात. एका ओळीपायी त्या पोरीची प्रयोगशाळा जाणार होती.

मोठ्या बाई मनाने वाईट नाहीत. त्याच म्हणाल्या, "एवढं काय त्यात? लिहून टाका की तुम्हीच परवानगी दिली होतीत. एका ओळीत मिटेल."

मी लिहिलं. 'सदर विद्यार्थ्यांना मापनासाठी मीच परवानगी दिली होती.' सुवाच्य अक्षरात. मला एकदम उदार वाटायला लागलं. एवढं उदार वाटल्यावर ते कुणाला तरी दाखवायला हवं, म्हणून मधल्या सुट्टीत ओलीवहीला बोलावलं आणि कागद पुढे केला. ती आता आभार मानेल, मग मी "असू दे, असू दे" म्हणेन, इथपर्यंत माझी तयारी होती.

तिने दोनदा वाचलं.

"सर, पण तुम्ही नाही म्हणाला होतात."

"हो, पण आता हे असं लिहिलं की तुझ्यावर काही येणार नाही."

"पण तीन वेळा नाही म्हणाला होतात."

ती भांडत नव्हती. गणितात हातचा विसरल्यावर शेजारची मैत्रीण सांगते ना, तसं सांगत होती. मी तिला वर्तनाचा चौकोन समजावला, मोठी शाळा समजावली. तिने ऐकून घेतलं. तिला ते सगळं आधीच माहीत होतं, आणि तरी ती त्या शुक्रवारी रांगेतून मागे राहिली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"मग काय लिहू?" मी विचारलं. कुणाला विचारतोय हे विचारून झाल्यावर जाणवलं.

"झालं ते लिहा," ती म्हणाली. "आणि माप पण लिहा. त्यांनी माप विचारलंच नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या शेवटच्या वाक्याला. वर्तनाच्या नोंदीचं तिला भय होतंच, पण तिचं खरं दुःख हे होतं. एवढे लोक दारात येऊन उभे राहिले, अधिकारी आले, बाई आल्या, मी आलो, आणि एकानेही विचारलं नाही की किती भरलं. मलाही लाज वाटली ती तिथेच.

पुढे काय झालं ते आधी सांगून मोकळा होतो. शुक्रवारचा तास माझ्याकडून गेला. तो आता मोठ्या बाई सभागृहात घेतात आणि तिथे बेचाळीसच्या बेचाळीसना आतून वाटतं. माझ्या सेवापुस्तकात एक ओळ चढली. ओलीवहीच्या वर्तनापुढे 'चांगले' आलं नाही, 'ठीक' आलं. त्या 'ठीक'वर मोठ्या शाळेने तिला प्रतीक्षा यादीत ठेवलं, आणि यादी पुढे सरकेपर्यंतच्या दोन महिन्यांत मी जेवढी नखं खाल्ली तेवढी माझ्या स्वतःच्या परीक्षांना खाल्ली नव्हती. जूनच्या अखेरीस नाव लागलं. क्लासवाले म्हणाले, "सर, तुम्ही एक ओळ लिहिली असतीत तर एवढं झालंच नसतं." खरं आहे.

पण मला सांगायचंय ते खुलाशाच्या दुपारचं.

शाळा सुटल्यावर ऑफिसात बसलो. ओलीवही आणि एकसष्ट टेबलाच्या पलीकडे उभे. पहिला कागद फाडला आणि नव्याने लिहिलं: 'सदर विद्यार्थिनीने मापनाची परवानगी मजकडे दोन वेळा मागितली, व त्याआधी त्याच विषयाबाबत शंका एकदा विचारली. अंतःप्रेरणा अहवालाच्या प्रती भरण्यात व कार्यक्रमाच्या तालमीत गुंतलेला असल्याने मी तिन्ही वेळा नकार दिला. त्यानंतर सदर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या निर्णयाने मापन केले. यात दोष असल्यास तो नकार देणाऱ्याचा आहे, सबब नोंद माझ्या नावे घ्यावी. मापनाअंती वर्गाची जमीन दाराकडून खिडकीकडे साडेतीन सेंटीमीटर खाली असल्याचे आढळले. कारण शोधणे चालू आहे.'

हेडक्लार्कांनी तो चष्मा न ढकलता वाचला. "शेवटचं वाक्य काढा," ते म्हणाले. "खुलासा प्रकरण मिटवायला असतो. चालू ठेवायला नसतो."

"पण कारण सापडलेलं नाही अजून," एकसष्ट म्हणाला. "आम्हाला वाटतं वर्गातल्या कपाटामागे काहीतरी आहे."

"कपाट हलवायचं नाही. त्याची नोंद आहे," हेडक्लार्क म्हणाले, पण वाक्य राहू दिलं.

मी सही करणार एवढ्यात ओलीवही टेबलावर वाकली. "सर, तीन पूर्णांक चार. साडेतीन नाही."

"अगं, साधारण साडेतीनच झालं ते."

"तीन पूर्णांक चार आहे सर. आम्ही चार वेळा मोजलं."

तिने पेन्सिलीचं टोक त्या आकड्यावर ठेवलं आणि उचललंच नाही. एकवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर दशांश चिन्ह शिकवलं जात होतं, तेही ऑफिसात, हेडक्लार्कांसमोर. माझे कान गरम झाले. मग मी पेन तिच्यापुढे केलं. तिने 'साडेतीन'वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, ३.४.

"आता यावर सही लागणार," हेडक्लार्क म्हणाले. मी पेन मागायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. "तुमची नाही. खाडाखोड ज्याने केली त्याची सही लागते. नियम आहे."

ओलीवहीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने कागद स्वतःकडे सरकवला, तिरका केला, आणि तिची सही अजून ठरलेली नव्हती म्हणून आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि आडनावासकट, वळणदार अक्षरात समासात लिहिलं. समास पुरला नाही. आडनाव माझ्या सहीच्या जागेत आलं. मला सही जरा खाली करावी लागली.